कच्छमध्ये पांढऱ्या रणाशिवाय काय बघावं?

भुजमध्ये एक दिवस मोकळा असेल तर डोळे झाकून लखपतला जा. भुजपासून साधारण १३५ किलोमीटर. वाटेत माता नो मढला आशापुरा मातेचं दर्शन होतं.

लखपत हे एकेकाळी गजबजलेलं बंदर. सिंधूच्या फाट्यावरून सिंधशी व्यापार चालायचा. १८०१ मध्ये जमादार फतेह महंमदाने सात किलोमीटरचा कोट बांधला. पण १८१९ च्या भूकंपात उत्तरेला ‘अल्लाह बंध’ नावाचा लांबलचक उंचवटा वर आला, नदीचं पाणी तुटलं आणि व्यापारी हळूहळू निघून गेले. आज आत मोजकीच घरं आहेत. तटावर चढा: समोर कोरी खाडीचा करडा चिखल क्षितिजापर्यंत पसरलेला, कानात फक्त वारा. मला तरी भुजच्या राजवाड्यांपेक्षा ही जागा जास्त भिडली.

गावातला गुरुद्वारा चुकवू नका. गुरु नानक इथे राहिल्याची श्रद्धा आहे, त्यांच्या लाकडी खडावा जपून ठेवल्यात. २००४ मध्ये त्याच्या जतनाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

परतताना नारायण सरोवर आणि समुद्राला अगदी खेटून असलेलं कोटेश्वर करा. सीमाभाग आहे, ओळखपत्र जवळ असू द्या. पाणी भरपूर घ्या, पेट्रोल भुजलाच भरा.