गोठा सांभाळून शिकायचंय?

पोरी, लग्न होऊन दुभत्या जनावरांच्या घरात आलीस आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण करायचं म्हणतेस, फार बरं वाटलं. जरूर कर. पण काम उरकल्यावर अभ्यास, असं ठरवू नकोस. गोठ्याचं काम उरकत नसतं.

दोन धारांमधली दुपार तेवढी आपली, आणि तीही चारा कापण्या-वाहण्यात जाते. म्हणून पहिल्याच हंगामात मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, घालायला घरच्यांना तयार कर. मक्याचे दाणे चिकात, म्हणजे दुधाळ असताना कापणी, बारीक कुट्टी, मग बॅगेत थर देत पायाने दाबून हवा काढायची आणि तोंड घट्ट बांधायचं. साधारण 45 दिवसांनी बॅग उघड. आंबूस-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग असला की जमलं. काळा पडलेला, बुरशीचा भाग काढून टाक. गाभण गायीला तर तो मुळीच नको. रोजची कापणी वाचली की दुपार खरोखर मोकळी होते.

गाय भरवल्याची, म्हणजे रेतन झाल्याची, तारीख कॅलेंडरवर लिही. तिथून सुमारे 280 दिवसांनी ती विते. परीक्षेच्या आठवड्यात कोणती गाय व्यायला आली आहे हे आधी कळलं, तर जावेला सांगून ठेवता येतं. वासराला तासाभरात चीक, म्हणजे गायीचं पहिलं दूध, पाजायचा, हे तिला नीट बजाव.

सासूबाई भजनी मंडळात जात असतील तर त्या संध्याकाळची धार तू काढ. तुझ्या पेपरच्या दिवशी त्या आनंदाने काढतील.