सिम नसलेल्या स्वस्त टॅबलेटवर सायकल राईड ट्रॅक होते का? मित्र म्हणतात अंतर चुकीचं येतं.

होते, आणि अंतरही नीट येतं. जीपीएसला सिम लागत नाही, नेटही लागत नाही. फक्त नेट नसलं की पहिल्यांदा उपग्रह पकडायला वेळ जातो, म्हणून उघड्यावर दोन-चार मिनिटं थांबा आणि मगच स्टार्ट दाबा. नकाशा घरूनच उतरवून घ्या, ओस्मअँड या नकाशाच्या ॲपमध्ये ऑफलाइन चालतो.

पण "अंतर चुकीचं येतं" हे वाचलं आणि राहवलं नाही. माझा मोठा भाऊ दोन वर्षं हेच म्हणतोय.

पहिली मोठी राईड आम्ही बरोबर केली. दादाच्या हँडलला चाकावरच्या चुंबकाने मोजणारा मीटर, माझा टॅबलेट पाठीवरच्या सॅकमध्ये. घरी येऊन बघतो तर नकाशावरची माझी रेघ तलावाच्या काठाने जाता जाता तुटलेली आणि पाण्यावरून सरळ पलीकडे गेलेली. त्याचे ६२.४ किलोमीटर, माझे ४७. दादाने ती स्क्रीन घरभर दाखवली. दोष जीपीएसचा नव्हताच. स्क्रीन बंद झाली की बॅटरी सेव्हर ॲपलाच झोपवत होता. त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढून टाकलं, तेव्हापासून रेघ एकदाही तुटलेली नाही.

पुढच्या रविवारी तोच रस्ता. दादाचे ६२.४, माझे ६०.१. "अजून दोन किलोमीटर खातोय तुझा टॅब." हे मला लागलं. संध्याकाळी त्याचीच सायकल घेतली. टायरवर एक आणि फरशीवर एक अशी खडूची खूण केली, दादाला सीटवर बसवलं (वजनाने टायर दबतो, रिकामी सायकल मोजून उपयोग नाही), चाक बरोबर एक फेरा पुढे नेलं आणि टेप लावली. २०५.५ सेंटीमीटर. मीटर फेरे मोजून चाकाच्या घेराने गुणतो, आणि त्यात घेर भरलेला होता २१३६ मिलिमीटर. ते ७०० बाय २८ च्या टायरचं माप, आणि दादाची सायकल २६ इंची! दर फेऱ्याला आठ सेंटीमीटर जास्तीचे. हिशेब केला तर ६२.४ चे ६० होतात. दादा म्हणाला, "मीटर असाच आला होता." आकडा त्याने अजून बदललेला नाही.

तेव्हा मित्रांना सांगा, आधी चाक मोजून या, मग बोला.

चढाईचा आकडा मात्र मानू नका. जीपीएसची उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते आणि स्वस्त टॅबमध्ये बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची काढणारा सेन्सर) सहसा नसतो. नागमोडी रस्त्यावर वळणं थोडी कापली जातात, दाट झाडीत रेघ हलते. टॅब हँडलला अडकवू नका, खड्ड्यात सुटतो.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: नुसत्या वायफायच्या बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये जीपीएसची चिपच नसते. वायफाय बंद करून मोकळ्या आकाशाखाली जीपीएसटेस्ट ॲप उघडा. दहा-पंधरा मिनिटांनीही उपग्रहांची यादी रिकामीच असेल, तर त्या टॅबवर राईड मोजता येणार नाही.