कार्डावरचा रकाना

आफ्रिकेतल्या राष्ट्रवादावरच्या गेल्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न घेतो.

आफ्रिकेतली युद्धं शेवटी टोळ्यांचीच भांडणं ना?

'टोळी' हा शब्द आधी बाजूला ठेवू या. इथिओपियातल्या ओरोमो किंवा नायजेरियातल्या योरुबा अशा कोट्यवधींच्या समाजाला टोळी म्हणायचं आणि त्याहून लहान युरोपीय समाजाला राष्ट्र, हे मला मान्य नाही.

सोमालियात जवळपास सगळे सोमाली बोलतात, जवळपास सगळे सुन्नी मुसलमान आहेत. तरी १९९१ मध्ये तिथलं राज्य कोसळलं. रवांडात हुतू आणि तुत्सी दोघांचीही भाषा किन्यारवांडा. भेद पूर्वीपासून होते, पण माणूस या बाजूचा त्या बाजूला जाऊ शकत असे. १९३० च्या दशकात बेल्जियन प्रशासनाने ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा असा रकाना घातला आणि ती वाट बंद झाली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही तो रकाना काढला नाही. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली, तेव्हा मारेकरी नाक्यानाक्यावर हेच कार्ड मागत होते. म्हणून मी 'कुठली जमात?' याआधी 'ती कागदावर कोणी लिहिली, कशासाठी?' हे विचारतो.

आयव्हरी कोस्ट हा कोकोवर सधन झालेला देश. तिथे यादवी कशी झाली?

कोकोमुळेच, असं म्हटलं तरी चालेल. पहिले राष्ट्राध्यक्ष उफुए-ब्वान्यी यांचं धोरण होतं : जो जमीन कसेल, त्याची ती. बुर्किना फासो आणि मालीतून लाखो मजूर आले, त्यांनी जंगल तोडून कोको लावला आणि देश जगातला सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला. पण आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा कागद त्यांच्यातल्या बहुतेकांकडे नव्हता. तोंडी बोली आणि गावच्या मुखियाचा शब्द, एवढ्यावर सारं चाललं होतं. १९७२ नंतर तर त्या मातीत जन्मूनही नागरिकत्व मिळेना. आई किंवा बाप नागरिक असावा लागे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस कोकोचे भाव पडले. शहरात काम मिळेना म्हणून गावी परतलेल्या तरुणांना आपल्या वडिलार्जित जमिनीवर दुसऱ्याचा मळा दिसला. १९९३ मध्ये उफुए-ब्वान्यी गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या बेदिए यांनी 'इव्वारिते' हा शब्द राजकारणात आणला. अस्सल आयव्हरीपण, म्हणजे आपल्या ओळखीची भूमिपुत्राची भाषा. तिचा पहिला उपयोग झाला तो प्रतिस्पर्ध्याला बाद करायला. अलासान वातारा याच देशाचे पंतप्रधान राहिलेले. त्यांच्या आईबापांचं मूळ बुर्किनात आहे, असं म्हणत त्यांना निवडणुकीपासून दूर ठेवलं गेलं. नेत्यावर आलेला आरोप लवकरच त्यांच्या सगळ्या उत्तर भागावर आला. कुलिबाली, त्राओरे अशी उत्तरेकडची आडनावं दिसली की पोलीस ओळखपत्र खोटं ठरवत. १९९८ च्या कायद्याने जमिनीची मालकी नागरिकांपुरती केली, आणि नागरिक कोण हेच तर वादात!

२००२ मध्ये बंड झालं, देश दोन तुकड्यांत विभागला गेला. बंडखोरांची एक मोठी मागणी ओळखपत्रांची होती, हे मला त्या युद्धातलं सर्वांत बोलकं सत्य वाटतं. समेटासाठी फिरती न्यायालयं गावोगावी नेऊन जन्मनोंदी द्याव्या लागल्या. तरीही २०१० च्या निवडणुकीत वातारा जिंकल्याचा निकाल तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बाग्बो यांनी नाकारला आणि सुमारे ३ हजार माणसं मेली. पुढे वातारा राष्ट्राध्यक्ष झाले. मनाला लागतं ते हे, की २०२५ मध्ये विरोधी नेते तिजान थियाम यांचं नाव फ्रेंच नागरिकत्वाच्या मुद्द्यावर मतदारयादीतून गेलं आणि वातारा चौथ्यांदा निवडून आले. हत्यार तेच, धरणारा हात बदलला.

झांबियातही असंच झालं. २७ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेले केनेथ कौंडा १९९९ मध्ये न्यायालयात चक्क देशहीन ठरले, कारण आईवडील आजच्या मलावीतले. नागरिकत्व त्यांना नंतर परत मिळालं.

वसाहतवाद्यांनी आखलेल्या सरहद्दी बदलल्या, तर प्रश्न मिटतील का?

मला तसं वाटत नाही. १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी नेत्यांनी त्या सरहद्दी जाणूनबुजून स्वीकारल्या, कारण एक दोरा ओढला की सगळं कापड उसवेल ही भीती होती. दक्षिण सुदानने २०११ मध्ये जवळपास ९९ टक्के कौलाने वेगळा देश घेतला. अडीच वर्षांत राष्ट्राध्यक्ष सल्वा कीर आणि त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. नवी सरहद्द मिळाली, पण तेलाचा पैसा आणि बंदुका ताब्यात ठेवणारी संस्था उभी राहिलीच नव्हती.

भाषावार राज्यं आपल्याकडे टिकली. इथिओपियात तोच प्रयोग का बिघडला?

तोच प्रयोग नव्हता. आपण १९६० मध्ये महाराष्ट्र मिळवला, पण नागरिकत्व सगळ्या देशाचं एकच राहिलं. इथिओपियाच्या १९९५ च्या राज्यघटनेचं कलम ३९ प्रत्येक राष्ट्रसमूहाला फुटून निघण्याचाही हक्क देतं. बेनिशांगुल-गुमुझ प्रांताच्या घटनेत तर 'मालक' समाजांची नावंच आहेत : बेर्ता, गुमुझ, शिनाशा, माओ, कोमो. मग तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अम्हारा आणि ओरोमो कोण? नुसते रहिवासी. त्यांच्यावर तिथे वारंवार हल्ले झाले.

त्यात प्रांतांनी स्वतःची सशस्त्र विशेष दलं उभारली. आपल्याकडच्या कुठल्या राज्याने हे केलं असतं, तर काय झालं असतं, कल्पना करा. उत्तरेकडच्या टिग्राय प्रांतात २०२० ते २०२२ असं केंद्राशी युद्ध पेटलं. मृतांचा आकडा ६ लाखांपर्यंत असू शकतो, असं आफ्रिकी संघाचे मध्यस्थ ओबासांजो म्हणाले. २०२३ मध्ये केंद्राने विशेष दलं मोडायला घेतली, तेव्हा अम्हारा प्रांत पेटला.

तरी ओरोमो, सिदामा यांना आपल्या भाषेत शाळा आणि कारभार मिळाला, तो याच रचनेमुळे. ते परत घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. माझा आक्षेप 'मालक' या शब्दाला आहे. तिथल्या स्थानिक कार्यालयांच्या जुन्या ओळखपत्रावर वंशाचा रकाना असायचा. आता 'फायदा' नावाचं नवं राष्ट्रीय ओळखपत्र देत आहेत. त्यावर तो रकाना नाही.