संभाजीनगर–मुंबई: अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

दादा, तुम्हाला जालन्याहून आई-वडिलांना मुंबईला न्यायचंय. एकीकडे अंतर २७८ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे साडेतीनशेच्या आसपास, आणि तिकिटावर विमानाला तासाभराहून जास्त वेळ लिहिलाय. यातलं खरं कोणतं, असा तुमचा प्रश्न आहे. सगळंच खरं आहे. २७८ हे संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ ते मुंबई विमानतळ असं नकाशावर दोरी ताणून मोजलेलं अंतर. रस्त्याने वळणं-घाट आले की साडेतीनशेच्या घरात जातं. रेल्वे आधी मनमाडला वर जाते आणि मग नाशिककडे वळते, म्हणून संभाजीनगरपासून पावणेचारशे भरतात.

वेळेचा घोळ मात्र नीट समजून घ्या. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेत चाळीस-पंचेचाळीस मिनिटंच जातात. एवढ्या कमी अंतरात विमान पुरतं वर चढून वेग धरतं न धरतं तोच उतरायला लागतं, त्यामुळे ताशी आठशेने भागून काढलेलं उत्तर इथे चुकतं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरतात. गर्दी झाली की वरच घिरट्या. मागच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन गेलो तेव्हा समुद्र दिसला, इमारती दिसल्या आणि विमान परत वळलं. आईने माझं मनगट घट्ट धरलं. वीस मिनिटं तिला सांगत होतो, "अगं, रांगेत आहोत, बाकी काही नाही." तुम्ही हे आधीच सांगून ठेवा.

आता घरापासूनचा हिशोब. तुमची एक गोष्ट सोयीची आहे: विमानतळ जालना रोडवरच आहे, शहराच्या अलीकडे, त्यामुळे शहरातल्या गर्दीत शिरावं लागत नाही. तरी घरून तास-सव्वा तास धराच. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणून दीड-दोन तास आधी पोचा. विमानाचा तास, मग सामानाला अर्धा तास, पुढे दादरपर्यंत टॅक्सी. झाले पाच-साडेपाच तास. नांदेडहून सुटणारी वंदे भारत जालन्यात सकाळी मिळते आणि सुमारे सात तासांत मुंबईला पोचवते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून स्वतःच्या गाडीनेही पाच-सहा तासांत जमतं, पण म्हाताऱ्या माणसांना मध्ये उतरायला सोयीच्या जागा कमी पडतात.

म्हणजे विमानाने रेल्वेपेक्षा वाचतात ते दीड-दोन तास. माझं स्पष्ट मत: वडिलांचे गुडघे दुखत असतील आणि सामान जास्त असेल तर वंदे भारतच घ्या, एकदा बसलं की उठायचं काम नाही. पण त्यांना एकदा तरी विमानात बसवायचं मनात असेल, तर वेळेचा हिशोब बाजूला ठेवा आणि बिनधास्त न्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. उतरताना कान दडपतात, खिशात खडीसाखर असू द्या. मुंबईला जाताना डावीकडची खिडकी आईला द्या; आभाळ मोकळं असलं तर जायकवाडी धरणाच्या नाथसागराचं पाणी दिसतं.