गालगुंड : सूज उतरेपर्यंत मूल वेगळे ठेवायचे का?

एका गुरुवारी समुपदेशनासाठी आलेल्या आईने भिंतीवरचे कॅलेंडरच काढून आणले होते. तिच्या सात वर्षांच्या मुलाचा डावा गाल सोमवारी कानाखाली सुजला, डॉक्टरांनी गालगुंड असल्याचे सांगितले आणि बुधवारी उजवी बाजूही फुगली. "मॅडम, आता दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का? सासूबाई म्हणतात, सूज पूर्ण उतरेपर्यंत त्याला कोणात मिसळू द्यायचे नाही."

दिवस पहिल्या सुजेपासूनच मोजायचे, हे मी तिला कॅलेंडरवर दाखवले. सूज दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून ती आल्यानंतरच्या पाच दिवसांपर्यंत हा विषाणू लाळेतून आणि खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून पसरतो. म्हणून सोमवारनंतरचे पाच दिवस, म्हणजे शनिवारपर्यंत, मुलाने घरी राहावे, त्याचा पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवावा. सूज उतरायला आठ-दहा दिवस लागू शकतात, पण बरे वाटत असेल तर त्यासाठी शाळा अडवून धरण्याचे कारण नाही. धाकटी मात्र शनिवार-रविवारी त्याच्याबरोबर एकाच ताटात जेवली होती. लागण झाली असलीच तर ती आता लस देऊन थोपवता येत नाही, आणि लक्षणे दिसायला 12 ते 25 दिवस लागतात. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही. ती एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीत असते, हे अनेक पालकांना मुलाचा गाल सुजल्यावरच कळते.

जेवणाबद्दल विचारल्यावर कळले, की तोंडाला चव यावी म्हणून त्याला रोज आमसुलाचे सार दिले जात होते आणि पहिल्याच घोटाला तो गाल धरून रडत होता. आंबटाने लाळ सुटते आणि सुजलेली ग्रंथी ठणकते. त्याऐवजी गुरगुट्या भात, तूप, कोमट वरण, भरपूर पाणी, गालावर सोसेल तसा गार किंवा कोमट शेक आणि ताप-वेदनेसाठी डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेले पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये आणि विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. सासूबाईंनी लावलेल्या हळद-चुन्याच्या लेपाने गालाची कातडी लालसर झाली होती, तो तेवढा थांबवायला सांगितला.

उठता उठता तिने खरी भीती बोलून दाखवली : "पुढे याला मूल होईल ना?" वृषणाला सूज येण्याचा धोका मुख्यतः वयात आलेल्या मुलांना आणि पुरुषांना असतो, आणि त्यातूनही वंध्यत्व क्वचितच येते. त्यामुळे मुलापेक्षा त्याच्या वडिलांना हा आजार पूर्वी झाला होता का, हे मी आधी विचारले. तिला ते ठाऊक नव्हते. तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, ऐकू कमी येणे किंवा वृषणात दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका, असे तिला कॅलेंडरच्या मागे लिहून दिले.

पहिल्या सुजेनंतर सतराव्या दिवशी, गुरुवारी, तिचा फोन आला. धाकटीचा गाल सुजला होता. "मंगळवारपर्यंत घरीच ठेवते," ती म्हणाली, "आणि आमसुलाची बरणी वरच्या फळीवर गेली आहे."