हिरव्या माशाचा गुण

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि दर हिवाळ्यात गोठलेल्या विनेबॅगो सरोवरावर भाल्याने स्टर्जन मासा मारायला जातो. तो अभियंता आहे. तरीही एका हिरव्या लाकडी माशाशिवाय तो बर्फावर पाऊल ठेवत नाही, पहिला मासा मिळाला त्या दिवशीची टोपी धुवू देत नाही आणि बर्फाला पाडलेल्या भोकात अंड्याची टरफले टाकल्याखेरीज बसत नाही. हे सारे अंधश्रद्धेतच जमा करायचे का?

उत्तर : सारे नाही. टोपी खुशाल धुवावी. टरफलांच्या बाबतीत मात्र भाच्याचे बरोबर आहे. शिकारी भोकावर खोपटी उभारून तिच्यात बसतात आणि ती आतून मुद्दाम काळोखी ठेवलेली असते, त्यामुळे आजूबाजूच्या बर्फातून झिरपणारा उजेड पाण्यात उतरतो आणि भोकातून खाली पाहणाऱ्याला पाणीच उजळलेले दिसते. परंतु स्टर्जनची पाठ काळपट आणि तळाचा गाळही काळपट, तेव्हा मासा डोळ्यांदेखत निघून गेला तरी कळत नाही. तळाशी पांढरे ठिपके असले, तर ते अचानक झाकले गेले म्हणजे वरून काहीतरी सरकले, हे लगेच लक्षात येते. याच कारणासाठी कोणी बटाट्याच्या चकत्या टाकतात, कोणी पांढरे पाइप सोडतात.

लाकडी माशाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पोटात शिसे भरलेला आणि पत्र्याचे पर असलेला हा बनावट मासा दोरीने हलवला की पाण्यात घिरट्या घालतो. तो कोरण्याची कला विस्कॉन्सिनमधील लाक डू फ्लँबो येथील ओजिब्वे या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. पाइकसारखा शिकारी मासा त्याला भक्ष्य समजून येतो, तेव्हा तेथे त्याच्या चालीला निश्चित अर्थ आहे. स्टर्जन मात्र मुख्यतः गाळातील अळ्या आणि मेलेले मासे खाणारा. तो निव्वळ कुतूहलाने जवळ येतो, असे जुने शिकारी सांगतात, आणि म्हणूनच की काय, विनेबॅगोवर बोलिंगच्या खेळात चेंडूने पाडतात त्या पिनासुद्धा दोरीला टांगलेल्या दिसतात. इतक्या निरनिराळ्या वस्तूंनी काम भागत असेल, तर हिरव्या रंगालाच गुण असल्याचे मानणे कठीण आहे.

मग अभियंत्यालाही तसे का वाटावे? हंगाम फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि फार तर 16 दिवस चालतो. शिकारीची वेळ सकाळी 7 ते दुपारी 1, आणि एका परवान्यावर एकच मासा. बहुतेकांचा हंगाम रिकाम्या पाण्याकडे पाहण्यात सरतो, काहींची तर वर्षानुवर्षे. याच सरोवरात 2010 साली 212.2 पौंडांचा, म्हणजे सुमारे 96 किलोंचा मासा मिळाला होता, हे ऐकलेल्या माणसाला तो रिकामेपणा अधिकच बोचत असणार. बक्षीस दुर्मीळ आणि अवचित असले की त्या क्षणी जे हाताशी असेल त्याला श्रेय चिकटते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1948 साली कबुतरांवरील प्रयोगात हेच दाखवले : ठरावीक वेळाने दाणे आपोआप पडत असताना, त्या वेळी जे कबूतर गिरकी घेत होते ते पुढेही गिरक्याच घेत राहिले. आपल्याकडे याला कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतात.

त्या सरोवरावर यशाचा खरा निकष कंटाळवाणा आहे, तो म्हणजे पाणी किती स्वच्छ आहे. मत्स्यखात्याचे लोक हंगामापूर्वी काळीपांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते हे मोजतात, आणि पाणी गढूळ असलेल्या वर्षी भाग्यवान टोप्याही रिकाम्या हाताने परततात. भाच्याशी वाद घालू नये. एवढेच विचारावे की, ज्या हंगामांत काहीच मिळाले नाही, त्या हंगामांत दोरीला कोणता मासा टांगलेला होता. बहुधा तोच हिरवा.