शिक्षा कोणाची खरी?

प्रिय चिऊ,

"आई, मराठी म्हणजे चुकलेली हिंदी का गं?" काल तू सहज विचारलंस आणि मी भाजी परतता परतता नुसतं "नाही" म्हटलं. तुझी लखनौची मैत्रीण म्हणाली, शिक्षा म्हणजे शिक्षण, मग आपण दंडाला शिक्षा म्हणतो ते चूकच. मला ते लागलं. पुण्याला शिकायला गेले तेव्हा "काय करून राहिली?" म्हटलं की मुली विचारायच्या, ही हिंदी की मराठी?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात दोन्ही नांदायच्या. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानीच होतं, तिकडची कितीतरी बिऱ्हाडं इथलीच होऊन गेली. शेजारच्या जबलपूरवाल्या चाची एकदा आजीला म्हणाल्या, "बच्चों की शिक्षा में हमने कोई कमी नहीं रखी." आजीचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "काहून वो बाई, एवढी गुणाची पोरं तुझी!" बेबीआत्याने उलगडा करेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

शब्द एकच, संस्कृतातला, शिकण्याचा. हिंदीत तो शाळेत राहिला, मराठीत छडीकडे गेला. तळघरात उंदरांच्या औषधावर 'गिफ्ट' वाचून तू दचकली होतीस ना? जर्मनमध्ये विष, इंग्रजीत भेट, आणि मूळ दोन्हींचं 'देणं'. पण म्हणून काही तू इंग्रजीला चुकलेली जर्मन म्हणत नाहीस.

काही शब्दांचं तर एवढंही नातं नसतं. हिंदीतलं 'खाली' म्हणजे रिकामं, ते अरबीतून आलं. आपल्या जिन्याखालच्या 'खाली'चा त्याच्याशी काही संबंध नाही. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, "ऑटो खाली है क्या?" विचारून आम्ही बसायचो आणि वाड्यापाशी बाबा म्हणायचे, "चला, खाली उतरा." कोणाचंच काही अडलं नाही.

तरी कधी कधी मलाच वाटतं, मी तुला मराठी शिकवते आहे की फक्त माझं नागपूर? शनिवारचा मराठीचा वर्ग नको असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. (म्हणजे थोडं वाईट वाटेल, पण ते माझं मी बघीन.) फक्त 'चुकलेली' म्हणू नकोस गं.

आणि मैत्रिणीशी यावरून भांडू नकोस. रविवारी तिला नि तिच्या आईला पोह्यांना बोलाव, तर्री मी करते. त्यांच्याकडेही असे शब्द असतीलच, मला ऐकायचे आहेत.

तुझी,
आई